छोट्या आयएसपीसाठी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम: निवड, चाचणी आणि बदल

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या फुकट मिळणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपला, म्हणजे तिला सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं. त्यानंतर नवव्या दिवशी, ९ जुलैला, ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. ज्या रेडियस प्रोटोकॉलवर ग्राहकांची लॉगिन चालतात, त्यातच ही खोट होती. राउटर आणि रेडियस सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर बसलेल्याला सर्व्हरने दिलेल्या ‘नकारा’चा ‘होकार’ करता येत होता. ज्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट चालू होता, त्यांना दुरुस्त केलेलं पॅकेज नेहमीच्या अपडेटमधून मिळण्याची सोय होती. फुकटातला सेंटओएस ७ चालवणाऱ्यांसाठी ते दार आठवडाभर आधीच बंद झालं होतं, आणि महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांतल्या आयएसपींच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या, रॅकमध्ये सेंटओएस ७ आजही दिसतो.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) निवडताना कुठली वेगवान आणि कुठली आधुनिक, या वादात मला फार अर्थ दिसत नाही. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) असो की रेडियस, पाच-दहा हजार ग्राहकांचं ओझं आजचा कुठलाही बरा सर्व्हर कुठल्याही ओएसवर पेलतो. पाहायच्या गोष्टी दोन: या ओएसला सुरक्षा अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार आहेत, आणि आपल्याकडचा कोणता माणूस ती नीट सांभाळू शकतो. बाकी सगळं यांच्या नंतर.

हा लेख जिल्हा-तालुका पातळीवर काम करणाऱ्या आयएसपींसाठी आहे. उदाहरणासाठी कऱ्हाड-पाटण पट्ट्यात असावं असं एक जाळं समजून चालू: केबलच्या धंद्यातून वाढलेलं, पाच हजार ग्राहक, मायक्रोटिकच्या राउटरवर पीपीपीओई (नाव-पासवर्डने होणारं ग्राहकाचं लॉगिन), घरोघरी ओएनटी (फायबरचा डबा), एक रॅक आणि दोन-तीन तांत्रिक माणसं.

पायरी पहिली: कामांची यादी

‘आम्हाला सर्व्हर घ्यायचाय, कुठली ओएस टाकू?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण सर्व्हर हे एक काम नसतं. कागदावर एकेक काम लिहा आणि प्रत्येकापुढे ते बंद पडलं तर किती वेळात ग्राहकाचा फोन येतो, ते लिहा.

डीएनएस रिझॉल्व्हर बंद पडला तर मिनिटभरात. ग्राहकाच्या दृष्टीने डीएनएस गेला म्हणजे नेट गेलं. रेडियस बंद पडला तर चालू सेशन चालूच राहतात, पण नवं लॉगिन होत नाही, त्यामुळे बोंब हळूहळू वाढत जाते. नॅटच्या (एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटण्याच्या) नोंदी ठेवणारा लॉग सर्व्हर बंद पडला तर कोणाचाच फोन येत नाही, आणि म्हणूनच तो सगळ्यात धोक्याचा. मॉनिटरिंग, बिलिंग आणि ग्राहकांचं पोर्टल यांना तासभराची सूट मिळते. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या जाळ्याची ओळख) असेल तर आरपीकेआय (कुठले पत्ते कोणाचे याचे दाखले) तपासणारा एक छोटा सर्व्हरही यादीत येतो.

यादीतल्या काही गोष्टींसाठी तुम्हाला निवडच नसते, त्या आधी खोडा. नेटफ्लिक्स, गुगल किंवा मेटा यांचे कॅशे सर्व्हर (त्यांचा मजकूर जवळच साठवणारे) मिळाले असतील तर त्यांच्या आतली ओएस त्या कंपन्या सांभाळतात. तुम्ही वीज, थंडावा आणि पोर्ट द्यायचं. मायक्रोटिकवर राउटरओएसच असते. बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्याने दिलंय त्याला मात्र लेखी विचारा: कुठल्या ओएसच्या कुठल्या आवृत्तीवर चालतं, आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची कुठली आवृत्ती लागते? उत्तर ‘सेंटओएस ७ आणि पीएचपी ७.४’ असं आलं, तर पीएचपी ७.४ चा सपोर्टही नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, हे त्याला सांगा आणि नव्या आवृत्तीची तारीख मागा. तोवर ते सॉफ्टवेअर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका सर्व्हरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये) ठेवा आणि बाहेरून थेट पोचता येणार नाही अशी सोय करा. एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या हट्टापायी सगळा रॅक जुन्या ओएसवर ठेवू नका.

पायरी दुसरी: माणूस

रात्री अकराला डीएनएस बसला तर सर्व्हरला हात कोण लावणार? त्या माणसाचं नाव लिहा. तो रजेवर असेल तर दुसरा कोण, तेही लिहा. या दोघांना जी ओएस येते, तिला माझ्या हिशेबात मोठं वजन आहे.

हे ओएसच्या गुणांपेक्षा महत्त्वाचं का, ते एका साध्या गोष्टीवरून कळेल. फ्रीरेडियस हे रेडियसचं सॉफ्टवेअर सगळीकडे एकच, पण त्याच्या कॉन्फिगरेशनची जागा ओएसच्या प्रत्येक घराण्यात (एकाच मुळातून आलेल्या गटात) निराळी. या सगळ्या ओएसची ओळख तिसऱ्या पायरीत येईल. रॉकी आणि अल्मामध्ये ‘ईटीसी’खालच्या ‘रॅडडीबी’ फोल्डरात, डेबियन-उबुंटूमध्ये ‘ईटीसी’खालच्या ‘फ्रीरेडियस’ फोल्डरात आणि त्यातही ‘३.०’ या उपफोल्डरात, फ्रीबीएसडीवर ‘यूएसआर-लोकल’च्या आत. सेवेचं नावही एकीकडे ‘रेडियसडी’ तर दुसरीकडे ‘फ्रीरेडियस’. दिवसा चहा घेत शोधायला हे सोपं आहे. पाचशे ग्राहक लटकलेले असताना, फोन वाजत असताना, ज्याची बोटं आपोआप योग्य फोल्डरात जातात तोच दहा मिनिटांत लाईन परत आणतो.

त्यामुळे एक नियम घालून घ्या: मुख्य घराणं एकच. चार सर्व्हरवर चार ओएस असतील तर अपडेटच्या चार पद्धती, फायरवॉलच्या चार तऱ्हा आणि चार वेगळी वेळापत्रकं सांभाळावी लागतात, आणि दोन माणसांच्या टीमला ते जमत नाही. दुसरं घराणं फक्त एकाच ठिकाणी, डीएनएसमध्ये, आणि तेही का हे पुढे येईल.

पायरी तिसरी: सपोर्ट संपायची तारीख

सेंटओएसचा धडा इथे नीट समजून घ्यायला हवा. सेंटओएस ८ घेतला तेव्हा लोकांनी २०२९ पर्यंतचा हिशेब केला होता. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. आठ वर्षांचा भरवसा एका वर्षावर आला. म्हणजे नुसती तारीख पुरत नाही, ती तारीख पाळणारं कोण आहे, हेही पाहावं लागतं.

डेबियन. १९९३ पासून चालू असलेला, कुठल्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला प्रकल्प. साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. तिला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं दीर्घ मुदतीचा सपोर्ट मिळतो, एकूण पाच. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली, तिची मुदत जून २०२८ पर्यंत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, ती जून २०३० पर्यंत. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जागच्या जागी जाण्याची डेबियनची पद्धत वर्षानुवर्षं घोटलेली आहे. आयएसपीच्या कामाला लागणारं जवळपास सगळं तिच्या मूळ रिपॉझिटरीतच (पॅकेजच्या अधिकृत साठ्यातच) मिळतं: फ्रीरेडियस, डीएनएससाठी अनबाउंड आणि बाइंड, राउटिंगसाठी बर्ड आणि एफआरआर, डेटाबेससाठी मारियाडीबी. बाहेरून पॅकेज आणायची गरज जितकी कमी, तितके अपडेट बिनबोभाट होतात. नवी सुरुवात करणाऱ्या छोट्या आयएसपीला मी डेबियनच सुचवेन.

उबुंटू एलटीएस (दीर्घ सपोर्टची आवृत्ती). पाया डेबियनचाच, मागे कॅनॉनिकल कंपनी. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस येते, पाच वर्षं सपोर्ट मिळतो, आणि उबुंटू प्रो घेतलं तर दहा वर्षांपर्यंत. आपल्याकडची बरीच पोरं कॉलेजात उबुंटू शिकून येतात, हा तिचा मोठा फायदा. एक खोडी आधीच माहीत असू द्या: तिच्यात सिस्टीमडी-रिझॉल्व्हड ही सेवा ५३ क्रमांकाच्या, म्हणजे डीएनएसच्याच, पोर्टवर आधीच बसलेली असते. अनबाउंड किंवा बाइंड सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावला की ‘पत्ता वापरात आहे’ म्हणून तो सुरूच होत नाही. त्या सेवेचा स्टब लिसनर, म्हणजे त्या पोर्टवर ऐकणारा भाग, बंद केला की प्रश्न मिटतो.

रॉकी आणि अल्मा. सेंटओएसची जागा घ्यायला २०२१ मध्ये आलेली दोन भावंडं. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या आवृत्त्यांना धरून चालतात, त्यामुळे सपोर्ट दहा वर्षांचा: नववी आवृत्ती २०३२ पर्यंत, दहावी २०३५ पर्यंत. तुमची माणसं सेंटओएसवर वाढली असतील तर सरळ इकडे या, डेबियन शिकायची सक्ती करू नका. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स कोड सर्वांना थेट देणं थांबवल्यावर अल्माने हुबेहूब नक्कल करण्याऐवजी सुसंगत राहण्याचं धोरण घेतलं, रॉकीने नकलेचाच आग्रह ठेवला. आयएसपीच्या कामात या फरकाने काही अडत नाही. अडतं ते एसईलिनक्स या जादा सुरक्षा-पहाऱ्यामुळे. लॉग वेगळ्या डिस्कवर नेले की परवानग्या बरोबर दिसत असूनही सेवा लिहू शकत नाही, आणि वैतागून लोक एसईलिनक्सच बंद करतात. तसं करू नका. त्या फोल्डराला योग्य लेबल लावायला दोन कमांड पुरतात, आणि त्या एकदा लिहून ठेवल्या की कायमच्या कामी येतात.

फ्रीबीएसडी. ही लिनक्स नव्हे, वेगळ्या कर्नलची (गाभ्याची) ओएस. नेटवर्कच्या कामात हिचं नाव मोठं आहे आणि ते कमावलेलं आहे. नेटफ्लिक्सचे ओपन कनेक्ट सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. झेडएफएस ही फाइल सिस्टीम हिच्यात मुळातच बसवलेली आहे. पण सपोर्टची रीत समजून घ्या: चौदाव्या शाखेला पाच वर्षं, पंधराव्यापासून चार वर्षं, आणि शाखेतल्या प्रत्येक उपआवृत्तीला पुढची उपआवृत्ती आल्यानंतर फक्त तीन महिने. म्हणजे दर काही महिन्यांनी उपआवृत्ती बदलायचीच. शिस्त असलेल्या माणसाच्या हातात ही ओएस सोन्यासारखी चालते. ‘चाललंय ना, हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या हातात ती वर्षभरात उघडी पडते. ओपनबीएसडीला हे आणखीनच लागू: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना सपोर्ट.

विंडोज सर्व्हर बिलिंग किंवा हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरला लागला तर ठेवा. डीएनएस, रेडियस, लॉग यांच्यासाठी परवान्याचे पैसे घालण्यात छोट्या आयएसपीला काही मिळत नाही.

निवडीच्या यादीत ‘सगळ्यात नवी’ असलेली कुठलीच ओएस नको. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं मागचं दार सापडलं. एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या) लॉगिनला लागणारा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकला, त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि जग वाचलं. ती पेरलेली आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत, तसंच फेडोराच्या चाचणी शाखेत पोचली होती. डेबियन स्टेबलमध्ये आणि रेड हॅटच्या मुख्य आवृत्त्यांत ती आलीच नव्हती. जुनी वाटणारी, हळू चालणारी शाखा ही ग्राहकांची गरज आहे.

पायरी चौथी: हातात असलेलं यंत्र

छोटे आयएसपी बहुधा रिफर्बिश्ड सर्व्हर घेतात आणि त्यात काही वावगं नाही. पण ओएस ठरवण्याआधी प्रोसेसरची पिढी पाहा. रेड हॅट घराण्याची दहावी आवृत्ती एव्हीएक्स-२ वगैरे सूचना समजणारा, म्हणजे एक्स८६-६४ च्या तिसऱ्या पातळीचा प्रोसेसर मागते. डेलचा आर७२० घेतलात तर त्यातले झिऑन ई५ व्ही१ आणि व्ही२ प्रोसेसर या पातळीचे नाहीत, रॉकी १० त्यावर चालणार नाही. आर७३० मधले व्ही३ आणि व्ही४ चालतात. अल्माने जुन्या प्रोसेसरसाठी दहाव्या आवृत्तीची वेगळी बांधणी ठेवली आहे. डेबियन १३ ला ही अट नाही.

रेड कंट्रोलरचंही (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डचंही) तसंच. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून काही जुन्या कंट्रोलरचे ड्रायव्हर काढले, त्यामुळे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. नेटवर्क कार्डच्या फर्मवेअरसाठी डेबियनमध्ये पूर्वी वेगळा पेनड्राइव्ह करावा लागे. डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. सर्व्हर विकत घ्यायच्या आधी दुकानातच ठरलेल्या ओएसचा पेनड्राइव्ह लावून डिस्क आणि नेटवर्क पोर्ट दिसतात का, ते पाहा. विकणारा तयार नसेल तर दुसरा विकणारा गाठा.

पायरी पाचवी: नोंदींचा हिशेब

आयपीव्ही४ पत्ते आता फार थोडे मिळतात. एपनिक या आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या धोरणानुसार २०१९ पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२. पाच हजार ग्राहकांना ते कसे पुरणार? म्हणून सीजीनॅट, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं. मग पोलिसांचं पत्र येतं तेव्हा त्यात पत्ता, पोर्ट आणि वेळ असते, आणि त्यावरून एकच घर ओळखायची जबाबदारी आपली. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलून या नोंदी एक वर्षाऐवजी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितल्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे, घटना घडल्यास सहा तासांत कळवायचं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची.

साठवण किती लागेल, हे अंदाजाने न ठरवता मांडून बघा. सरासरी दोन हजार ग्राहक चालू आहेत, प्रत्येकाकडून सेकंदाला एक नवं कनेक्शन, आणि एका नोंदीला शंभर बाइट धरले, तर सेकंदाला २ लाख बाइट होतात. दिवसाला सुमारे १७ जीबी, दोन वर्षांत साडेबारा टीबी. हे आकडे माझे गृहीत आहेत. तुमच्या राउटरवर संध्याकाळी आठ ते दहा आणि पहाटे, दोन्ही वेळी मोजून त्यांच्या जागी तुमचे घाला.

ओएसची निवड इथे खरोखर परिणाम करते. मजकुराच्या नोंदी दाबल्या (कॉम्प्रेस केल्या) की खूप लहान होतात, आणि झेडएफएस हे काम फाइल लिहितानाच करते. शिवाय प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायचा आकडा) ठेवते, त्यामुळे डिस्क गुपचूप खराब व्हायला लागली तर कळतं. फ्रीबीएसडीवर झेडएफएस अंगचीच आहे. डेबियनवर ती ‘कॉन्ट्रिब’ विभागातून घ्यावी लागते आणि कर्नल अपडेट झाला की तिचं मॉड्यूल पुन्हा बांधलं जातं. ती पायरी कधी अडते, म्हणून रीबूटच्या आधी मॉड्यूल बांधलं गेलंय याची खात्री करा. झेडएफएस नको असेल तर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ वर रोजच्या फाइल रात्री झेडस्टँडर्डने दाबणारी छोटी स्क्रिप्टही पुरेशी आहे. काहीही करा, लॉगची डिस्क वेगळी ठेवा. लॉगमुळे मूळ डिस्क भरली की ओएसच गुदमरते.

आणि घड्याळ. राउटर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदी लिहितोय आणि सर्व्हर भारतीय वेळेत वाचतोय, असं असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. सकाळी सव्वादहाला जो पोर्ट शिंद्यांच्या घराला होता तोच पावणेचारला पवारांच्या घराला असू शकतो, आणि चौकशीला पोलीस चुकीच्या दारात उभे राहतात. एका निरपराध घरावर हे आपल्या निष्काळजीपणामुळे येऊ शकतं, म्हणून प्रत्येक नोंदीत वेळेबरोबर टाइमझोन लिहिलेला असलाच पाहिजे. सगळ्या सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू ठेवा, राउटरांना त्याच सर्व्हरची वेळ द्या आणि घड्याळ एका सेकंदाहून जास्त सरकलं की अलार्म वाजेल असं करा.

पायरी सहावी: डीएनएस दोन, ओएसही दोन

३० जून २०१२ ला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला गेला. आपल्याकडे १ जुलैची पहाट होती, पाच वाजून एकोणतीस मिनिटं, साठावा सेकंद. त्या क्षणी लिनक्स कर्नलमधल्या एका दोषामुळे जगभरच्या असंख्य सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले. ज्यांचे सगळे सर्व्हर एकाच कर्नलचे होते, त्यांचे सगळेच एकदम अडकले. डीएनएस हे असं काम आहे की दुसरा सर्व्हर ठेवणं स्वस्त आणि सोपं असतं. म्हणून तो दुसरा वेगळ्या घराण्याचा असावा. पहिला डेबियनवर अनबाउंड, दुसरा फ्रीबीएसडीवर बाइंड, ही जोडी मला आवडते. फ्रीबीएसडी कोणालाच येत नसेल तर दुसरा अल्मावर घ्या. कर्नलची आवृत्ती तरी वेगळी राहील.

वेगळेपणाने सगळं टळत नाही. फेब्रुवारी २०२४ मधल्या कीट्रॅप त्रुटीने डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्या) तपासणारे अनबाउंड आणि बाइंड दोन्ही एकाच वेळी धोक्यात आले होते. तिथे वाचवतो तो वेळेवर टाकलेला पॅच.

लिनक्सवर डीएनएस चालवताना एक गोष्ट इन्स्टॉलच्या दिवशीच करा. फायरवॉल चालू असली की कर्नल प्रत्येक प्रश्नोत्तराची नोंद कनेक्शन ट्रॅकिंगच्या तक्त्यात ठेवतो. संध्याकाळी पाच हजार घरांतले मोबाईल, टीव्ही एकदम प्रश्न विचारायला लागले की तक्ता भरतो आणि पॅकेट गळायला लागतात. सेवा चालू दिसते, प्रोसेसर रिकामा दिसतो, आणि ग्राहक म्हणतो नेट अडखळतंय. कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशी ओळ दिसली तर समजा हेच. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ५३ पोर्टच्या जाण्या-येण्याला ‘नोट्रॅक’ लावा. आणि रिझॉल्व्हर फक्त आपल्याच ग्राहकांच्या पत्त्यांना उत्तर देईल असं बांधा, नाहीतर जगभरचे हल्लेखोर तो इतरांवर मारा करायला वापरतात.

पायरी सातवी: लाईट येण्याची चाचणी

बेंचमार्क चालवण्यापेक्षा खऱ्या प्रसंगाची नक्कल करा. वळवाचा पाऊस, एका फीडरची लाईट तासभर गेली आणि आली. त्या भागातले बाराशे राउटर एका मिनिटात उठतात आणि लॉगिन मागतात. सेकंदाला वीस लॉगिन आणि तितक्याच अकाउंटिंगच्या (कोण कधी जोडला गेला याच्या) नोंदी. ऐकायला हे थोडं वाटतं. पण डेटाबेस प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की लिहिली गेल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरेच घेते. एका नोंदीसाठी तीन-चार वेळा लिहावं लागलं, त्यात चालू सेशनचे ठरावीक वेळेने येणारे इंटरिम अपडेट आले, की रांग लागते. मायक्रोटिक ठरावीक सेटिंगवर ३०० मिलिसेकंद वाट पाहून पुन्हा विचारतो. उत्तर उशिरा गेलं की तोच प्रश्न पुन्हा, मग पुन्हा, आणि ओझं स्वतःहून वाढत जातं. शेवटी बाराशेपैकी एकालाही लॉगिन मिळत नाही.

यावर ओएस बदलणं हा उपाय नाही. डेटाबेस एसएसडीवर ठेवा, मायक्रोटिकवर टाइमआउट दोन-तीन सेकंद करा, आणि फ्रीरेडियसमधली ‘बफर्ड एसक्यूएल’ ही सोय चालू करा. तिच्यात अकाउंटिंगची नोंद आधी साध्या फाइलीत पडते, राउटरला लगेच पोच जाते आणि डेटाबेसमध्ये ती सवडीने चढते. मग रेडक्लायंट या चाचणीच्या साधनाने दोन हजार खोटी लॉगिन एका मिनिटात सोडून बघा. डीएनएससाठी डीएनएसपर्फ वापरा.

दुसरी चाचणी जास्त कठोर आहे आणि ती टाळू नका. डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना सर्व्हरची वीज खरोखर तोडा. लागोपाठ तीन-चारदा. प्रत्येक वेळी कोणीही कीबोर्डला हात न लावता सगळ्या सेवा वर आल्या पाहिजेत. यूपीएस असला तरी बॅटरी कधीतरी संपते, आणि पाटणच्या पीओपीवर (जाळ्याच्या तिथल्या केंद्रावर) रात्री कोणी नसतं. या चाचणीत नापास झालेली मांडणी, ओएस कुठलीही असो, जाळ्यात घालू नका.

पायरी आठवी: बसवणी आणि अपडेटचं वेळापत्रक

कमीत कमी पॅकेज, डेस्कटॉप नाही. एसएसएच फक्त व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमधून (वेगळ्या काढलेल्या आतल्या जाळ्यातून) आणि किल्लीवर, पासवर्डवर नाही. प्रत्येक सर्व्हरचं कॉन्फिगरेशन गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात), म्हणजे मशीन जळालं तरी अर्ध्या दिवसात तसंच दुसरं उभं करता येतं. व्हर्च्युअल मशीन चालवायला प्रॉक्समॉक्स वापरत असाल तर त्याचाही पाया डेबियनच आहे, त्यामुळे यजमान आणि आतली मशीन यांची पद्धत एकच राहते. फक्त दोन्ही डीएनएस एकाच यंत्रावर ठेवू नका.

सुरक्षा अपडेट आपोआप बसू द्या, पण रीबूट माणसाने ठरवलेल्या वेळी. महिन्यातला एक वार ठरवा, पहाटे तीन ते पाच, आणि आधी दुसरा डीएनएस अपडेट करा, दोन दिवस बघा, मग पहिला. रेडियसचेही दोन सर्व्हर असतील तर तोच क्रम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक ओएसच्या सपोर्टच्या अखेरच्या तारखेच्या एक वर्ष आधी मोठी खूण करा. बदलाचं काम त्या खुणेपासून सुरू होतं.

पायरी नववी: जुन्यावरून नव्यावर

आज सेंटओएस ७ वर असाल तर जागच्या जागी चढवण्याची साधनं आहेत, तरी मी नवं मशीन शेजारी उभं करायला सांगेन. परत फिरायची वाट मोकळी राहते. नव्या सर्व्हरवर रेडियस, डेटाबेस उभा करा, जुन्या डेटाबेसची नक्कल चालू ठेवा, आणि एका छोट्या भागाचा राउटर आधी नव्याकडे वळवा. आठवडाभर लॉगिन, बिलिंगची मुदत संपणं, स्पीड बदलणं, सेशन तोडणं हे सगळं तिथे घडू द्या. शेवटचं खास तपासा: प्लॅन संपल्यावर सेशन तोडणारा संदेश सर्व्हरकडून राउटरकडे जातो, आणि नव्या सर्व्हरच्या पत्त्याला राउटरवर परवानगी द्यायची राहून जाते. मग मुदत संपलेले ग्राहक चालूच राहतात आणि महिन्याच्या हिशेबात ते कळतं.

ब्लास्टरेडियसवरचा उपाय याच वेळी लावून घ्या: फ्रीरेडियस ३.२.५ किंवा दुरुस्ती आलेलं डिस्ट्रोचं पॅकेज, राउटरओएसची अद्ययावत आवृत्ती, आणि दोन्हीकडे मेसेज-ऑथेंटिकेटर (संदेश वाटेत बदलला नाही याची खूण) सक्तीचा. आधी सर्व्हर, मग राउटर, आणि सक्ती सगळ्यात शेवटी, नाहीतर जुने राउटर बाहेरच राहतील.

दिवस निवडताना गणपतीचा आठवडा, आयपीएलच्या रात्री, दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आणि महिन्याची पहिली तारीख टाळा.

सगळे राउटर नव्यावर आले की जुना सर्व्हर पुसून विकायची घाई करू नका. त्याच्या डिस्कवरच्या नॅटच्या आणि लॉगिनच्या नोंदींना दोन वर्षांची अट लागू आहे. त्या नव्या लॉग सर्व्हरवर उतरवा, चेकसम जुळवा, एखादी जुनी तारीख, पत्ता आणि पोर्ट घेऊन त्यावरून ग्राहक सापडतो का ते प्रत्यक्ष शोधून पाहा. मग जुनी डिस्क काढून त्यावर शेवटच्या नोंदीची तारीख लिहा आणि कुलपात ठेवा. ती तारीख दोन वर्षं मागे पडली आणि त्या नोंदींबद्दल कुठली चौकशी चालू नसली, की डिस्क नष्ट करा आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद घाला.